पाच मिनिटांत साइट, आणि पुढची दहा वर्षं

वेबसाइट करून देणाऱ्यांमध्ये एक मत हल्ली फार ठासून मांडलं जातं. वाचनालय, पतसंस्था, शाळा, दिवाळी अंक अशा लहान गिऱ्हाइकांसाठी ‘स्टार्टर प्रोजेक्ट’चा थाट करणं म्हणजे बड्या कंपन्यांची नक्कल. सीपॅनेलमधून एका क्लिकवर वर्डप्रेस टाकावं, बाजारातून एक थीम आणावी, लोगो आणि फोटो बदलावेत, पैसे घेऊन मोकळं व्हावं. गिऱ्हाइकाला आतलं काही कळत नाही आणि त्याचं त्याला सोयरसुतकही नसतं. गिट, कंपोझर, स्टेजिंग यांत जो वेळ जातो त्याचे पैसे कोण देणार? याच मताच्या शेपटाला आणखी दोन गोष्टी जोडलेल्या असतात: साच्यातून काढलेल्या साइट एकसारख्या दिसतात, आणि तसंही वर्डप्रेस आता स्वतःला आपोआप अपडेट करून घेतंच.

यातल्या काही मुद्द्यांत तथ्य आहे. ते जिथे येईल तिथे मान्य करीन. मूळ निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि त्याची किंमत मत मांडणाऱ्याला पडत नाही, गिऱ्हाइकाला पडते.

आधी ज्या वस्तूवर वाद आहे ती कोणती ते पाहू, कारण तिचं पुरतं बुजगावणं करून ठेवलेलं आहे. स्टार्टर प्रोजेक्ट म्हणजे एक फोल्डर. त्यात कोणती सीएमएस (म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणारं वर्डप्रेससारखं सॉफ्टवेअर), तिची नेमकी आवृत्ती, कोणते प्लगइन आणि त्यांच्या आवृत्त्या यांची यादी असते. पीएचपीच्या जगात ही यादी कंपोझर सांभाळतो. आपली पायाभूत थीम असते. पासवर्ड वगळून बाकीच्या सेटिंग असतात. आणि हे सगळं डेव्हलपरच्या लॅपटॉपवर, चाचणीच्या सर्व्हरवर आणि प्रत्यक्ष साइटवर तसंच्या तसं कसं उभं करायचं, ते लिहिलेलं असतं. फोल्डर गिटमध्ये राहतं, त्यामुळे कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद होत जाते. नवं काम आलं की त्याची प्रत काढायची, आणि तिथून पुढे ती प्रत त्या गिऱ्हाइकाची. बस, एवढंच. यात बड्या कंपनीसारखं काय आहे ते मला तरी दिसत नाही.

आता ती पाच मिनिटं. वर्डप्रेसची ‘पाच मिनिटांत इन्स्टॉल’ ही ख्याती जुनी आहे आणि खरी आहे. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या, काम थांबलेल्या ब्लॉग सॉफ्टवेअरवरून ते काढलं. आपलं लिहिलेलं चार लोकांपुढे ठेवू पाहणाऱ्या एकट्या माणसाला सर्व्हरची विद्या न शिकता ते जमावं, ही त्यातली सोय. त्या माणसाला पाच मिनिटं हे वरदानच होतं. पण तीच पाच मिनिटं एखादा व्यावसायिक दुसऱ्याच्या पैशावर, दुसऱ्याच्या संस्थेसाठी वापरतो तेव्हा गोष्ट वेगळी होते. इन्स्टॉलचं बटण दाबताना काही निर्णय होऊन जातात आणि ते कोणी घेतले हे नंतर कुणालाच आठवत नाही: पानांच्या पत्त्यांची रचना, साइटची भाषा, डेटाबेसमध्ये अक्षरं साठवण्याची पद्धत, पहिल्या अॅडमिनचं नाव. अनेक वर्षं नव्या वर्डप्रेसवर ‘जस्ट अनदर वर्डप्रेस साइट’ ही ओळ उपशीर्षक म्हणून आपोआप यायची, आणि ती तशीच ठेवून चालू झालेल्या संस्था गूगलच्या यादीत आपल्या नावाशेजारी ती मिरवत राहायच्या. हे हसण्यावारी नेता येईल. पत्त्यांची रचना तीन वर्षांनी बदलायची वेळ आली की मात्र हसू येत नाही. तोवर जुने दुवे शेकडो व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये फिरून झालेले असतात.

‘लहान साइटवर हल्ला कोण करणार?’ हा या मताचा खरा पाया. १५ ऑक्टोबर २०१४ची रात्र आठवावी. महाराष्ट्रात त्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं. भारतीय वेळेप्रमाणे रात्री साडेनऊच्या सुमारास ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या सीएमएसच्या सुरक्षा पथकाने सातव्या आवृत्तीतला एक दोष जाहीर केला. डेटाबेसपर्यंत घातक आज्ञा पोचू नयेत म्हणून जो कोड लिहिलेला होता, त्यातच भगदाड होतं. लॉगिन न करता कोणालाही साइटचा ताबा घेता येत होता. दुरुस्ती म्हणाल तर एका फाइलमधली एक ओळ. दोन आठवड्यांनी, २९ तारखेला, त्याच पथकाने दुसरी सूचना काढली: पहिल्या घोषणेपासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपली साइट फोडली गेली आहे असंच धरून चालावं. सात तास म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेचार. हल्ले यंत्रांमार्फत होत होते. साइट पतसंस्थेची की बँकेची, याच्याशी यंत्राला कर्तव्य नव्हतं. काही हल्लेखोरांनी तर आत शिरल्यावर ती ओळ स्वतःच दुरुस्त करून टाकली, मागून दुसरा चोर येऊ नये म्हणून.

एका माणसाकडे अशा तीस साइट आहेत असं धरा. प्रत्येक वेगळ्या होस्टिंगवर, वेगळ्या फोल्डररचनेत, कुठे मूळ कोडमध्येच हात घातलेला, कुठे पासवर्ड सोडून गेलेल्या मुलाकडे. तो पहाटेपर्यंत किती साइट दुरुस्त करील? आणि ज्याच्या तिसाही साइट एकाच रचनेतून निघाल्या आहेत, त्याला एक दुरुस्ती करून ती तीस ठिकाणी पाठवायची आहे. रात्र दोघांचीही जागरणात जाईल, पण एकाचं काम सकाळपर्यंत संपेल. याहून मोठा फरक दुसऱ्या दिवशी पडतो. साइट फोडली गेली की नाही हे ओळखायचं कसं? ज्याच्याकडे मूळ कोडची नोंद आहे तो सर्व्हरवरच्या फाइली तिच्याशी ताडून पाहतो, आणि परकी फाइल काही मिनिटांत उघडी पडते. पाच मिनिटांत साइट लावणाऱ्याकडे ताडायला काहीच नसतं. मूळ कोणतं आणि चोराने ठेवलेलं कोणतं, दोन्ही त्याला सारखंच अनोळखी.

‘पण आता अपडेट आपोआप होतात’ हे उत्तर इथे येतं, आणि विरोधकांकडचं सगळ्यात चांगलं उत्तर हेच आहे. वर्डप्रेस २०१३ सालच्या ३.७ आवृत्तीपासून आपल्या गाभ्यातल्या किरकोळ आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतः करून घेतं. २०२०च्या ५.५ पासून प्लगइन आणि थीमनाही तशी मुभा आहे, मात्र ती अॅडमिनने चालू करावी लागते. यामुळे असंख्य बेवारस साइट वाचल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. उलट, बेडरॉकसारखे तयार साचे आपोआप होणारे अपडेट मुद्दाम बंद ठेवतात, कारण आवृत्त्या फक्त कंपोझरच्या यादीतूनच बदलाव्यात अशी त्यांची शिस्त. साचा वापरला, आवृत्त्या बांधून टाकल्या, आणि नंतर यादी अद्ययावत करणारा माणूसच उरला नाही, तर ती साइट एका क्लिकवर लावलेल्या साइटपेक्षाही वाईट अवस्थेत जाते. ज्या संस्थेकडे पुढे देखभालीचा करार होणार नाही हे दिसतंय, तिच्या प्रोजेक्टमध्ये हे कुलूप काढून ठेवावं. डेव्हलपरांचे शिस्तीचे हट्ट गिऱ्हाइकाच्या मुळावर येऊ नयेत.

पण आपोआप होणारं अपडेट कुठपर्यंत पोचतं? बाजारातून विकत आणलेल्या थीममध्ये जे दडवून दिलेलं असतं तिथपर्यंत ते पोचत नाही. २०१४च्या डिसेंबरात सोकसोक नावाचा व्हायरस पसरला. बातम्यांत बाधित वर्डप्रेस साइटचा आकडा लाखाच्या वर गेला होता. वाट होती रेव्होल्यूशन स्लायडर या लोकप्रिय प्लगइनमधल्या जुन्या दोषाची. प्लगइनच्या कर्त्यांनी दोष आधीच दुरुस्त केला होता. पण तो प्लगइन कित्येक विकतच्या थीममध्ये पोटात घालून दिला जायचा, त्यामुळे आपल्या साइटवर तो आहे हेच मालकांना माहीत नव्हतं आणि अपडेटची सूचनाही त्यांच्यापर्यंत येत नव्हती. ‘एक थीम आणावी, लोगो बदलावा’ या सल्ल्यात नेमकं हेच बसतं. आत काय काय आहे याची यादीच नसेल तर अपडेट कशाचं करणार? स्टार्टर प्रोजेक्टचं पहिलं आणि सर्वांत कंटाळवाणं काम ती यादी ठेवणं हे आहे.

आता ज्या मुद्द्यावर या वादात कोणीच बोलत नाही त्याकडे येतो: मराठी. तयार थीम इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्यात मराठी ओतली की काय होतं, हे रोज दिसतं.

वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पानाचा पत्ता तयार करतं, आणि त्या पत्त्यासाठी डेटाबेसमध्ये २०० अक्षरांची जागा आहे. इंग्रजीला ती ऐसपैस पुरते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे व्यंजन वेगळं, काना वेगळा, हलन्त वेगळा, पत्त्यात घालताना टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ अक्षरांचं होतं. हिशेब केला तर मराठी शीर्षकाला जेमतेम बावीस चिन्हं मिळतात. ‘महाराष्ट्रातील सहकार चळवळीचा इतिहास’ असा लेख टाका; पत्ता तयार होतो ‘महाराष्ट्रातील-सहकार-चळव’. त्याच विषयावर दुसरा लेख टाका, आणि त्याच्या शेपटीला ‘२’ लागतो. व्हॉट्सअॅपवर चिकटवला की तोच दुवा टक्के आणि आकड्यांची चार ओळींची माळ होऊन येतो, आणि वाचक त्याला फसवणुकीचा दुवा समजून हात लावत नाही. यावर उपाय सोपा आहे: पत्त्यात लेखाचा क्रमांक घ्यावा, किंवा संपादकाला छोटा रोमन पत्ता लिहिणं भाग पाडावं. पण तो पहिल्या दिवशी करायचा उपाय आहे. पाचशे लेख झाल्यावर करायचा नव्हे.

दुसरं, थीममध्ये शीर्षकांच्या अक्षरांत जागा सोडण्याची फॅशन असते. रोमन लिपीत ती शोभते. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर दात पडल्यासारखं सुटं दिसतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलेलं असतं, म्हणून वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात; बटणावरच्या शब्दांचे रफार कापले जातात. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं कोरलेली असतात, पण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं जाहीर केलं असेल तरच ब्राउझर मराठी वळण उचलतो. अनेक थीममध्ये तिथे इंग्रजी असं ठोकून लिहिलेलं सापडतं. मग मराठी मासिकाच्या पानावर हिंदी ल येतो, आणि अंध वाचकाचं पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी मजकुरावर इंग्रजी उच्चारांची झटापट करत बसतं. जुन्या होस्टिंगवर डेटाबेसची अक्षरपद्धत चुकीची लागली, तर एका स्थलांतरात सगळ्या लेखांची प्रश्नचिन्हं होतात. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना त्याचं वेगळं वर्णन करून सांगायला नको.

हे सगळं दर साइटला नव्याने शोधायचं, की एकदा नीट करून प्रोजेक्टमध्ये ठेवायचं? ‘लहान गिऱ्हाईक, कशाला हवं’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, कारण मराठी साइट म्हणजे बहुतेक वेळा लहानच गिऱ्हाईक. बड्या कंपनीची साइट इंग्रजीत असते आणि तिला यातला एकही त्रास होत नाही.

साइट एकसारख्या दिसतात, या आक्षेपाला फार वेळ द्यावासा वाटत नाही. एकसारख्या दिसतात त्या बाजारातल्या थीम. एकच लोकप्रिय थीम दंतवैद्याकडेही असते आणि ढोल-ताशा पथकाकडेही. शिवाय एकसारखं असणं हा दर वेळी दोष नसतोच. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या सरकारी साइट पाहा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एका सामायिक चौकटीवर त्या उभ्या आहेत, म्हणून नंदुरबारच्या साइटवर नागरिकांची सनद जिथे सापडते, साधारण तिथेच ती सिंधुदुर्गच्या साइटवरही सापडते. नागरिकाला त्यात काही उणं वाटत असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे माझ्याच बाजूच्या, अतिरेकाबद्दल मात्र बोललं पाहिजे. स्टार्टर प्रोजेक्ट माळ्यासारखा होतो: कधीतरी लागेल म्हणून प्रत्येकजण त्यात काहीतरी टाकतो आणि काढत कोणीच नाही. चाळीस प्लगइन, तीन स्लायडर, कुठल्यातरी जुन्या कामातला पेमेंट गेटवे. वाचनालयाच्या पाच पानी साइटसाठी असला ऐवज सर्व्हरवर चढवणाऱ्याने वर सांगितलेल्या टीकेला स्वतःच खतपाणी घातलेलं आहे. माझी कसोटी साधी आहे: जी गोष्ट प्रत्येक साइटला लागते आणि जिच्याबद्दल नव्याने विचार करण्यासारखं काही नाही, तीच आत. भाषा, अक्षरपद्धत, पत्त्यांची रचना, बॅकअप, अॅडमिनमधून कोड संपादित करण्याची सोय बंद, फॉन्ट आणि ओळींचं अंतर. गॅलरी, देणगी, सभासद नोंदणी हे सगळं बाहेर.

साचा गळ्यात अडकतो ही भीतीही खोटी नाही, आणि ड्रुपलवाल्यांनी तो धडा महागात शिकलेला आहे. तिथे एके काळी ‘डिस्ट्रिब्यूशन’ नावाची तयार पॅकेजं असायची. त्यांवर साइट उभारली की ती कायमची पॅकेजच्या कर्त्यांवर अवलंबून राहायची. त्यांनी पुढची आवृत्ती काढायला उशीर केला की साइटही खोळंबायची. २०१५च्या आठव्या आवृत्तीपासून ड्रुपलने सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलींत बाहेर काढायची सोय केली. १५ जानेवारी २०२५ला, ड्रुपलच्या चोविसाव्या वाढदिवशी, ‘ड्रुपल सीएमएस’ नावाचा तयार प्रारंभ आला, त्यात ‘रेसिपी’ आहेत: एकदा लागू केल्या की सेटिंग साइटची होतात आणि रेसिपीचा पुढे काही हक्क राहत नाही. चोवीस वर्षं कोरं ड्रुपल हातात देणाऱ्यांनीही शेवटी कोऱ्या पाटीवरून सुरुवात करू नका असंच सांगितलं. साचा द्यायचा, पण आपला हात त्यात ठेवायचा नाही, हे तत्त्व वर्डप्रेसच्या कामालाही जसंच्या तसं लागू पडतं.

राहिला पैशांचा प्रश्न. पहिला प्रोजेक्ट बांधायला वेळ जातो, आणि तो एका गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाही, हे कबूल. तो खर्च व्यवसायाचा आहे, सुताराने करवतीचा करावा तसा. पण पाच मिनिटांची साइट स्वस्त पडते हा भास आहे. तिचं बिल नंतर फाडलं जातं. संस्था होस्टिंग बदलते. डेव्हलपर डेटाबेसची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडतो आणि जुना पत्ता सरसकट नव्याने बदलतो. वर्डप्रेस कित्येक सेटिंग अक्षरांची लांबी मोजून साठवतं. पत्त्याची लांबी बदलली की ती मोजणी चुकते आणि थीमच्या सेटिंग, विजेट, मुखपृष्ठाची मांडणी गायब होते. मग ‘साइट नव्याने करावी लागेल’ असं संस्थेला सांगण्यात येतं, आणि संस्था बिचारी करतेही. डब्ल्यूपी-सीएलआय हे साधन तोच बदल एका आज्ञेत, लांबी सांभाळून करतं. प्रोजेक्टमध्ये ती आज्ञा लिहिलेली असेल तर दुसरा कोणीही डेव्हलपर स्थलांतर करू शकतो. दुसरा कोणीही: खरी अडचण इथेच असावी अशी माझी शंका आहे. ज्या साइटचं आतलं फक्त एकालाच माहीत, तिचं गिऱ्हाईक त्याला सोडून जाऊ शकत नाही.

म्हणून शेवटची विनंती डेव्हलपरांना नाही, साइट करून घेणाऱ्या संस्थांच्या चिटणीसांना आहे. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर घ्या. गिटमधलं खातं संस्थेच्या ईमेलवर उघडायला लावा. आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक अट घाला: डेव्हलपरने तुमच्यासमोर, दुसऱ्या कोऱ्या सर्व्हरवर, फक्त ते फोल्डर, डेटाबेसचा बॅकअप आणि फोटोंचा संच एवढ्यावरून तुमची साइट उभी करून दाखवावी. त्याने दाखवली तर हप्ता त्याच दिवशी द्या. टाळाटाळ केली तर देऊ नका.